मागच्या निकालाशी जुळत नाही

पडद्यावर पिवळी चौकट उमटली तेव्हा तिला आधी चक्क हायसं वाटलं. ‘मागच्या निकालाशी जुळत नाही. नमुना त्याच व्यक्तीचा असल्याची खात्री करा.’ अशा चौकटी दिवसातून दोनचार येतातच. कुणी घाईत दोन नळ्यांवर चिठ्ठ्या उलटसुलट चिकटवलेल्या असतात, कुणाला मध्ये रक्त चढवलेलं असतं. हॉस्पिटलच्या या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढताना तिनं अशा हजारो चौकटी पाहिल्या होत्या, वॉर्डात फोन लावून नर्सना दोन शब्द सुनावले होते आणि नव्या नळ्या मागवून घेतल्या होत्या. पण आजच्या चौकटीखाली नाव तिच्या नवऱ्याचं होतं. सकाळी साडेनऊला मास्तर कामाच्या टेबलावरच कोसळले. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कात्रीचे. शिंप्याच्या मोठ्या दुकानात कापड बेतून कापायचं काम त्यांचं. दुकानातल्या लोकांनी उचलून इथंच आणलं, कारण मास्तरांची बायको इथं असते हे सगळ्यांना ठाऊक. डॉक्टरांनी बुजलेली रक्तवाहिनी उघडली, पण हृदयाचा बराचसा भाग तोवर निकामी झाला होता आणि रक्तदाब काही केल्या वर येत नव्हता. ती वर गेली, काचेतून पाहिलं, मुलीला फोन करून निघायला सांगितलं, बाकावर दहा मिनिटं बसली. बसवेना, तेव्हा खाली आली. निदान इथं हातांना काम होतं. नळ्या आल्या तेव्हा शेजारच्या खुर्चीतली बारकी म्हणाली, “तू बस ताई, मी लावते मशीनला.” तिनं ऐकलं नाही. नवऱ्याचं रक्त दुसऱ्या कुणी लावायचं म्हणजे काय.

आकडे यायला लागले. लॅक्टेट सहा पूर्णांक दोन. शरीराला प्राणवायू पुरत नाही, पेशी कासावीस झाल्यात, असं सांगणारा हा आकडा दोनच्या आत असावा लागतो. क्रिएटिनिन दोन पूर्णांक चार, म्हणजे मूत्रपिंडांनी काम टाकलेलं. साखर चढलेली. वरच्या मजल्यावर डॉक्टर या तीनचार आकड्यांना गुण देतात, त्यांची बेरीज करतात, आणि हा माणूस हातात आहे की हातातून गेला याचा अंदाज बांधतात. डॉक्टर बेरीज करायच्या आत तिची बेरीज झालेली असते. वर्षानुवर्षं अनोळखी माणसांच्या बाबतीत ती झालेली होती. नातेवाईक बाहेर बाकांवर डबे उघडून बसलेले असायचे आणि तिला खाली कळलेलं असायचं. त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. वाटून घेतलं असतं तर दुसरी नळी लावता आली नसती. आज ती बेरीज करायची नाही असं ठरवत होती आणि बेरीज आपोआप होत होती. आणि तेवढ्यात ती पिवळी चौकट आली.

चौकट या भयंकर आकड्यांपैकी कशाबद्दलच नव्हती. ती एका निरुपद्रवी आकड्याबद्दल होती, ज्याच्याकडे डॉक्टर ढुंकूनही पाहत नाहीत: लाल पेशींचा सरासरी आकार. मागे ब्याऐंशी, आज एक्याण्णव. दोन्ही आकडे अगदी निरोगी. पण माणसाची साखर घटकाभरात वरखाली होते, बाकीचं सगळं होतं, लाल पेशींचा आकार मात्र वर्षानुवर्षं जिथल्या तिथं राहतो. मोठं काही कारण घडल्याशिवाय तो नऊनं हलत नाही. शिकायला येणाऱ्या मुलींना ती दरवर्षी हेच सांगायची, की बायांनो, बाकी सगळं खोटं बोलेल, हा आकडा माणसाची सही आहे. ही सही मास्तरांची नव्हती. म्हणजे ही नळी मास्तरांची नव्हती. म्हणजे ते सहा पूर्णांक दोन, ते दोन पूर्णांक चार दुसऱ्याच कुणाचे होते, वरच्या कुठल्यातरी पलंगावरच्या दुसऱ्याच बाईच्या नवऱ्याचे. तिला त्या बाईची दया आली नाही. तिला इतकं हलकं वाटलं की हसूच फुटायचं बाकी होतं.

“नळी बदललीये,” ती बारकीला म्हणाली. “मी जाऊन नवी घेऊन येते.”

बारकीनं मान वर केली नाही. “मशीनचं काय ऐकतेस ताई. नवीन रसायन लावलंय काल. सोड ना ते.”

हे बारकीचं बोलणं नव्हतं. बारकी म्हणजे चौकट आली की जगबुडी आल्यासारखी उठणारी बाई. पण त्या क्षणी तिला ते जाणवलं नाही. जाणवलं ते जिना चढताना, आणि तेही अर्धवट.

मास्तरांचे डोळे अर्धे मिटलेले होते. हात गार, घामानं चिकट. तिनं दंडाला पट्टा बांधला, कोपराच्या खोबणीत बोट फिरवलं आणि शीर पहिल्या स्पर्शाला सापडली. सापडणारच, तेवीस वर्षं दर वाढदिवसाला ती याच शिरेतून रक्त काढत आली होती. घरी, जेवणाच्या टेबलावर, सकाळी चहाच्या आधी. मास्तर बाही वर सरकवून तोंड फिरवून बसायचे. “लोकांना बायका शर्ट देतात,” म्हणायचे, “आमची सुई देते.” संध्याकाळी ती रिपोर्ट घेऊन यायची आणि वाचून दाखवायची, आणि त्यावरून पुढच्या वर्षाचे नियम ठरायचे: मीठ किती, तेल किती, चालणं किती. एकदा मास्तर कंटाळून म्हणाले होते, “मी माणसाचं माप घेतो आणि सोडून देतो. तू सोडतच नाहीस.” ती हसली होती. तिला ते कौतुकच वाटलं होतं. आता नळी भरत असताना मास्तरांनी डोळे किलकिले केले, तिला ओळखलं, आणि त्यांची नजर लगेच तिच्या हातातल्या नळीवर गेली. तिथंच खिळली. ती म्हणाली, “काही नाही, चिठ्ठ्यांचा घोळ झालाय. तुमचं सगळं ठीक निघेल बघा.” मास्तरांचे ओठ सुकले होते.

बाहेर डॉक्टरांनी तिला गाठलं. तरुण माणूस, मान खाली घालून बोलणारा. खाली काम करणाऱ्या बाईंना आडपडद्यानं काय सांगायचं, असं त्यांना वाटत असावं. “हृदयाला मदत करणारा पंप बसवायचा का, हे ठरवायचंय,” ते म्हणाले. “मी क्रिएटिनिनवर अडलोय. तुमच्याच प्रयोगशाळेचा दहा महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट दिसतोय, शून्य पूर्णांक नऊ. तिथून आज एकदम दोन पूर्णांक चार. म्हणजे या दोनतीन तासांत मूत्रपिंडं गेली, बहुधा पाठोपाठ यकृत. अशा अवस्थेत पंप बसवून नुसते हाल होतात. खरं सांगतो, मी त्यांना त्रास देऊ नये या मताचा आहे.”

“नमुना त्यांचा नाहीये,” ती म्हणाली. “मला वीस मिनिटं द्या.”

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. वीस मिनिटं तर वीस मिनिटं.

नवी नळी तिनं स्वतः काढली होती, स्वतः चिठ्ठी लावली होती, मुठीत धरून स्वतः खाली आणली होती. मध्ये दुसरं माणूस नाही. मशीननं ती नळी घेतली आणि काही मिनिटांत आकडे दिले. लॅक्टेट सहा पूर्णांक तीन. क्रिएटिनिन दोन पूर्णांक चार. पेशींचा आकार एक्याण्णव. आणि तीच पिवळी चौकट, तोच मजकूर. दुसऱ्या बाईचा नवरा वगैरे कुणी नव्हताच. होते ते मास्तरच. हायसं वाटलं होतं ते पायाखालून निघून गेलं, आणि तिथं रिकामं राहिलेलं तिचं डोकं सवयीनं पुढच्या प्रश्नाकडे वळलं. आजची नळी खरी असेल, तर चौकट का येते? तिनं मास्तरांचं जुनं पान उघडलं. नव्वद. एक्याण्णव. एक्याण्णव. नव्वद. एक्याण्णव. एकाखाली एक सगळी वर्षं, आणि शेवटी, गेल्या वाढदिवसाची ओळ: ब्याऐंशी. खोटी नळी आजची नव्हती. खोटी नळी दहा महिन्यांपूर्वीची होती.

ते वर्ष तिच्या मनगटाचं होतं. पाय घसरून हात मोडला होता, प्लास्टर होतं, सुई धरता येत नव्हती. वाढदिवस चुकवायचा नाही म्हणून तिनंच मास्तरांना इथं पाठवलं होतं, बारकीकडे. बारकीनं रक्त काढलं, बारकीनं लावलं, आणि संध्याकाळी रिपोर्ट घेऊन बारकीच घरी आली होती. क्रिएटिनिन शून्य पूर्णांक नऊ. त्याखालचा ब्याऐंशी तिनं पाहिलाच नव्हता. मुलींना सही शिकवणाऱ्या बाईनं सही पाहिली नव्हती. तिनं नुसती बेरीज पाहिली, खूश झाली आणि कागद फ्रिजवर लावला.

आणि ब्याऐंशी कुणाची सही होती हे तिला शोधावं लागलं नाही. प्रयोगशाळेत नवीन रसायनाची खेप आली की आधी आपल्याच माणसांचं रक्त लावून पाहायची इथली जुनी पद्धत. कपाटाच्या आतल्या बाजूला तो तक्ता चिकटवलेला होता, प्रत्येकाची एक उभी ओळ. बारकीची ओळ वरपासून खालपर्यंत ब्याऐंशी, ब्याऐंशी, एक्याऐंशी, ब्याऐंशी. तिला कपाट उघडावंसुद्धा लागलं नाही. बावीस वर्षं शेजारी बसलेल्या बाईचं रक्त तिला पाठ होतं.

ती वळली. बारकी हात मांडीवर घेऊन बसली होती. तिनं काम थांबवलेलं होतं, बहुधा मघापासूनच.

“तुझं रक्त आहे ते,” ती म्हणाली.

“हो ताई.”

“त्यांच्या नावानं लावलंस.”

“भाऊजींनी हात जोडले गं.” बारकी म्हणाली. “इथंच उभे होते, माझ्या खुर्चीमागे. त्यांच्या रक्तात दोन पूर्णांक एक आला. त्यांनी पडद्यावर बघितला. म्हणाले, बारके, हिला कळलं तर ती मला आता कायमचं मोजत बसेल. म्हणाले, तेवीस वर्षांत ती माझ्या तोंडाकडे कधी बघत नाही, कागदाकडे बघते. मला एक वर्ष दे. मी दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, औषध घेतो, सगळं करतो, फक्त तिला सांगू नको.”

“आणि तू दिलंस.”

“ते रडत होते ताई. मी भाऊजींना कधी रडताना बघितलं नव्हतं.”

तिनंही पाहिलं नव्हतं. तेवीस वर्षांत एकदाही नाही. हे तिला सगळ्यांत आधी लागलं, रिपोर्टच्याही आधी: ते रडले, आणि बारकीपुढे रडले. फसवणूक म्हटली की तिच्या डोळ्यांपुढे दुसऱ्याच गोष्टी यायच्या, सिनेमातल्या, शेजारच्या बिल्डिंगमधल्या. चिठ्ठ्या, भेटी, कुणाचा तरी वास. तसलं काही असतं तर तिला ओरडता तरी आलं असतं. इथं काय ओरडणार? दोन साध्या, भल्या माणसांनी मिळून तिला दहा महिने बाहेर उभं केलं होतं, तिच्याच घरात आणि तिच्याच प्रयोगशाळेत. त्या संध्याकाळी बारकी जेवायला थांबली होती. फ्रिजवरच्या कागदावर बोट ठेवून तिनं मास्तरांना आणि बारकीला ऐकवलं होतं, “बघा, शिस्त असली की असं असतं.” आणि मास्तर म्हणाले होते, “सगळं हिचं श्रेय.” बारकी हसली होती. मास्तर हसले होते. तीसुद्धा हसली होती, आणि सगळ्यांत मोठ्यानं तीच. त्यानंतर मास्तरांनी आपण होऊन मीठ सोडलं. तिला वाटलं, शेवटी माणसाला पटलं. मास्तरांचा बटणांचा डबा होता, पत्र्याचा. पूर्वी त्यात ती खुशाल हात घालायची. गेल्या वर्षी तिच्या कोटाचं बटण तुटलं तेव्हा मास्तरांनी तिला डब्याला हात लावू दिला नाही, “थांब, मी देतो शोधून,” म्हणाले, आणि रात्री स्वतः बसून बटण लावूनही दिलं, दोऱ्याला दोन वेढे जास्त देऊन. तिला किती बरं वाटलं होतं. आता तिला कळलं, बटणांखाली गोळ्या होत्या. तो कोट समोरच्या खिळ्यावर टांगलेला होता आणि ते बटण इथून दिसत होतं. तिला वाटलं उठावं आणि ते ओरबाडून काढावं. राग मावत नव्हता, आणि तो कुणावर काढावा तर एक जण वर मरत होता आणि दुसरी समोर रडत होती. तिच्या स्वतःच्या रडण्याला मात्र कुठं जागाच नव्हती.

आणि याच्या मधोमध तिचं डोकं हिशेब करून मोकळं झालं. ती त्याला थांबवू शकली नाही. दोन पूर्णांक एक. म्हणजे शून्य पूर्णांक नऊवरून दोन पूर्णांक चार नव्हे. दोन पूर्णांक एकवरून दोन पूर्णांक चार. मूत्रपिंडं आज तीन तासांत गेली नव्हती. ती आधीपासूनच अधू होती, आणि अधू असूनही आजच्या धक्क्यात जेमतेम हलली होती. एकेक अवयव हात टेकत चालला आहे, हे डॉक्टरांनी ज्या आकड्यावरून ठरवलं होतं तो आकडा बारकीचा होता. तो खोटा कागद मास्तरांना आता मारायला निघाला होता, आणि त्यांना वाचवायचं तर ती फसवली गेली होती हेच वर जाऊन सांगायला हवं होतं. वीसपैकी चौदा मिनिटं झाली होती.

“तुझ्याकडे पुरावा आहे?” तिनं विचारलं.

“त्यांचं खरं रक्त मी आधी बिननावी लावलं होतं. नुसत्या नंबरावर. मशीनमध्ये आहे अजून, तारखेसकट.” बारकीनं खणातून आपली डायरी काढली. नंबर लिहिलेला होता. पुसला नव्हता.

“चल वर. तू सांग. माझ्या तोंडून त्यांना पटणार नाही.”

“माझी नोकरी जाईल ताई.”

“जाईल,” ती म्हणाली.

बारकी उठली. ओढणी सारखी केली, जशी प्रयोगशाळेच्या साहेबांनी बोलावल्यावर करायची तशी, आणि तिच्या मागून जिना चढली. डॉक्टरांनी डायरी पाहिली, खाली फोन करून तो नंबर मशीनमध्ये तपासून घेतला, एकदा बारकीकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं. “हे लेखी लागेल,” म्हणाले. बारकीनं नर्सच्या टेबलावर उभ्या उभ्या लिहून दिलं, वळणदार अक्षरात, शेवटी सही आणि वेळ. डॉक्टरांनी कागद घडी करून खिशात टाकला. “मग चित्र वेगळं आहे. हमी नाही देत. पण पंप बसवू या.” पुढच्या पाच मिनिटांत माणसं धावायला लागली.

पलंग बाहेर आला तेव्हा त्या दोघी भिंतीला लागून उभ्या होत्या. मास्तर जागे होते. पलंग तिच्यासमोर क्षणभर थांबला आणि ती पुढे झाली, हात धरायला. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं, बारकीकडे. बोलायची ताकद नव्हती, पण विचारणं सगळं त्या नजरेत होतं: हिला कळलं का? बारकीनं अगदी हळू, नाही अशी मान हलवली. मास्तरांचा चेहरा सैल झाला. मग कुठं त्यांनी बायकोकडे पाहिलं, आणि ओठ थोडे हलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती कागदाकडे न पाहता नुसतं त्यांच्या तोंडाकडे पाहत होती, आणि तिला दिसलं ते हे. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, मला माहीत आहे, सगळं माहीत आहे. पण त्या हृदयाला आता एवढीसुद्धा हालचाल परवडणारी नव्हती, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तिनं चेहरा कोरा ठेवला. “या लवकर,” म्हणाली. पलंग वळला आणि दार मिटलं.

दोन वाजता लॅक्टेटची नवी नळी खाली आली. पंप बसला होता. एका आकड्यावर काही कळत नाही. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा उतरतो की चढतो, त्यावर माणूस राहतो की जातो याचा अंदाज येतो. हेही ती मुलींना शिकवायची. साहेबांनी बारकीला घरी जायला सांगितलं होतं, पण संध्याकाळच्या पाळीचं माणूस येईपर्यंत मशीन सोडता येत नव्हतं, म्हणून बारकी आपल्या खुर्चीत बसून होती. तिनं नळी लावली आणि पडद्याकडे पाहत राहिली. कोट समोर टांगलेला होता.

तीन पूर्णांक आठ.

“उतरला गं,” ती म्हणाली. तोंडातून निघूनच गेलं. बावीस वर्षं प्रत्येक चांगला आकडा तिनं याच दिशेला मान वळवून सांगितला होता. दुसरीकडे कुठं सांगायची सवयच नव्हती तिला.

“किती?” बारकीनं विचारलं. ती खुर्चीतून अर्धी उठली होती, डोळे भरून आलेले, दोन्ही हात छातीशी.

तिनं पडद्यावरच्या आकड्यावर हात ठेवला. तळव्याखाली काच कोमट होती.

“किती ताई? सांग ना.”

तिनं हात काढला नाही, आणि आकडाही सांगितला नाही.